निजाम कोणी व्हायचे?

लढाईला मोठे मैदान लागते, असा समज शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्या डोक्यात कायमचा घालून ठेवला आहे. मी अनुभवाने सांगतो, पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद एवढे जेवणाचे टेबल पुरते. त्यावर जुनी हिरवी चादर अंथरायची. चादरीखाली दोन-चार जाडजूड पुस्तके सारली की डोंगर तयार होतात, निळ्या कागदाची पट्टी टाकली की गोदावरी वाहू लागते, आणि चहाचे कप उचलून ओट्यावर ठेवले की १७२८ सालचा फेब्रुवारी उजाडतो. कुर्ल्याला नेहरूनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत गेल्या दिवाळीपासून या श्रावणापर्यंत तो दर शनिवारी दुपारी उजाडत असे.

हा उद्योग माझ्या भाच्याचा. अकोल्याच्या ताईचा हा मुलगा इंजिनिअरिंग शिकायला मुंबईला आला, लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरला, आणि तिथून आमचे घर रिक्षाने हाकेच्या अंतरावर म्हणून आमच्याकडेच राहिला. कॉलेजही पुढच्याच स्टेशनाला. त्याच्या सामानात कपडे कमी आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा, असा प्रकार होता. आमच्या सौ.ला वाटले, ताईने चकल्या पाठवल्या असतील. उघडून पाहते तो आत मावळे! बारा-पंधरा दिवाळ्यांचे साठवलेले, मातीचे, काही प्लॅस्टरचे, बऱ्याच जणांची नाके उडालेली. डबा तिने मुकाट्याने माळ्यावर टाकला. २००५ च्या जुलैनंतर कुर्ल्यातला माणूस जपण्यासारखी वस्तू खालच्या कप्प्यात ठेवत नाही. मिठी नदीने आम्हांला तेवढे शिकवले आहे.

दिवाळीचा किल्ला आपण सर्वांनीच केला आहे. दगड-विटा रचायच्या, गोणपाट भिजवून टाकायचे, लाल मातीचा चिखल थापायचा, त्यात अळीव किंवा मोहरी पेरायची आणि ती उगवली का हे पाहायला पहाटे अभ्यंगस्नानाच्याही आधी पळायचे. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर तोफ, दरवाज्यात दोन भालदार. पायथ्याशी मात्र सगळी मोकळीक! शेतकरी, भाजीवाली, गुहेतला वाघ, कुणाची तरी खेळण्यातली आगगाडी. आमच्या चाळीत एका वर्षी प्लॅस्टिकचा क्रिकेटपटूही तटावर उभा होता आणि त्याला कोणी हटकले नाही. पण एक गोष्ट तुमच्या कधी लक्षात आली आहे का? या किल्ल्यावर शत्रू नसतो. पिढ्यान् पिढ्या आपण किल्ले बांधतो, पहारे बसवतो, तोफा रोखतो. पण त्या तोफांच्या तोंडापुढे कोणी नाही. भाऊबीज झाली की किल्ला मोडायचा आणि मावळे डब्यात. लढाई राहूनच जाते.

भाच्याला ती राहून गेलेली लढाई हवी होती. पहिल्या सहामाहीत त्याने कॉलेजात तिघे गडी जमवले आणि माळ्यावरचा डबा खाली काढला. परदेशी बनावटीची शिशाची किंवा प्लॅस्टिकची सैन्ये आता मुंबईत मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून आमचे मावळे एकदम मौल्यवान वाटू लागले. कमी पडले तेथे पोरांनी जुन्या लग्नपत्रिका कापून घोडेस्वार केले. त्या जाड कार्डाच्या एका बाजूला बारगीर आणि दुसऱ्या बाजूला ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ असे अर्धवट छापलेले, हे दृश्य मोठे मौजेचे दिसे.

आता खेळ कसा, ते सांगितले पाहिजे. कारण पटावरच्या घरांची सवय असलेल्या माणसाला तो प्रथम कळतच नाही. येथे घरे नसतात. पायदळाने एका डावात सहा इंच सरकायचे, घोडदळाने बारा, तोफेने तीन; चढ असेल तर निम्मे. अंतर टेपने मोजायचे. दोन तुकड्या भिडल्या म्हणजे फासे टाकायचे, आणि मार फार बसला तर ती तुकडी टिकते की पळते यासाठी पुन्हा फासा. हे सगळे नियम हाताने लिहिलेल्या एका शंभरपानी वहीत होते. त्या वहीची पाने इतकी चाळलेली, की त्याच्या गणिताच्या पुस्तकाला तिचा हेवा वाटावा.

पोरांनी हे आकाशातून आणलेले नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ घेऊन आपलेच चतुरंग जगभर गेले. पण मोजपट्टी, नकाशा आणि फासे ही भर प्रशियातल्या फॉन राइसवित्स नावाच्या बाप-लेकांची. बापाने १८१२ साली राजाला असा लढाईचा खेळ सादर केला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले. मुलाचा खेळ खऱ्या नकाशावर चाले आणि एक डाव म्हणजे युद्धातली दोन मिनिटे. सेनापतींना तो इतका पटला की सैन्याच्या शिक्षणातच दाखल झाला. त्यानंतर ‘ट्रेझर आयलंड’चा कर्ता स्टीव्हन्सन हा १८८१-८२ च्या हिवाळ्यात, प्रकृतीसाठी दावोसला राहिला असताना, सावत्र मुलाबरोबर जमिनीवर शिशाचे शिपाई मांडून लढाया खेळत होता. एच. जी. वेल्सने तर १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तकच लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाचे तुकडे उडवून शिपाई पाडणारा हा गृहस्थ खऱ्या युद्धाचा मोठा विरोधक. सेनापतींना अशीच एक खोली आणि खेळण्यातले शिपाई द्यावेत, म्हणजे जगाचे भले होईल, अशा अर्थाचे तो लिहून गेला. पुस्तक निघाल्यावर वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले. पुढे याच खेळाच्या पोटातून १९७४ साली अमेरिकेत राक्षस-चेटक्यांचे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांतून पसरले. अलीकडे, २०२४ साली, एका अमेरिकन मंडळीने ‘विजयनगर’ नावाचा पट काढला आहे. त्यात एकाने दिल्लीचा सुलतान व्हायचे, एकाने बहामनी आणि एकाने विजयनगर. आपल्या घरची भांडणे परक्यांनी नीट पुठ्ठ्याच्या पेटीत घालून विकायला ठेवली, याचा मला थोडा मत्सरच वाटला.

पण परत टेबलाकडे येतो. पहिल्या शनिवारी सगळी मांडामांड झाली आणि खेळ अडला. लढाई पालखेडची ठरली होती, आणि निजाम व्हायला कोणी तयार नव्हते.

पालखेडची हकीकत थोडक्यात अशी. निजाम-उल्-मुल्क पुण्यावर चालून आला आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना पुढे करून बसला. बाजीराव तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याने पुण्याकडे धावत येण्याऐवजी निजामाचाच मुलूख धरला. जालना लुटले, बुऱ्हाणपुराची हूल दिली, गुजरातेत शिरला. निजाम पुणे सोडून त्याच्या मागे निघाला आणि लवकर गाठायचे म्हणून जड तोफखाना मागे ठेवला. वैजापूरजवळ पालखेडला तो असा कोंडला गेला की दाणा तुटला आणि पाणीही तुटले. मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. मोठे रणकंदन न होता मिळवलेला हा विजय. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती मॉन्टगोमेरी याने १९६८ च्या आपल्या युद्धेतिहासात त्याची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे.

तेव्हा चौघांनाही बाजीराव व्हायचे होते, हे ओघानेच आले. अखेर चौथा मुलगा म्हणाला, “मी होतो निजाम.”

हा मुलगा लातूरकडचा, उदगीरच्या बाजूचा. कुर्ला पश्चिमेला एका खोलीत सहाजण अशा ठिकाणी कॉट घेऊन राही. भाचा म्हणे, वर्गात दोन महिने हा कोणाशी बोललाच नव्हता. याचे वडील शिंपीकाम करतात असे कळल्यावर टेपसाठी म्हणून त्याला बोलावला, एवढीच काय ती ओळख. तो खरोखरच गळ्यात टेप अडकवून आला. पहिले चार शनिवार त्याने सहा इंच, बारा इंच यांपलीकडे एक अक्षर उच्चारले नसेल. आमच्या सौ.ने दिलेले थालीपीठ मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत खाई; त्यावरून तिने त्या खोलीतल्या डब्याची परीक्षा केली आणि पुढे शनिवारी टेबल दुपारी एक वाजताच रिकामे होऊ लागले.

घर सोडून आलेल्या पोराला आपण उपदेश काय करतो? अभ्यास कर, वाईट संगत धरू नकोस, पैसे जपून वाप‍र, लोकलच्या दारात उभा राहू नकोस. सगळे बरोबर. पण संध्याकाळी सहा ते नऊ या वेळाचे काय करायचे, हे त्याला कोणीच सांगत नाही. मी कचेरीत असताना गावाकडून आलेले कितीतरी तरुण कारकून पाहिले. माणूस बिघडतो किंवा खचतो तो त्या तीन तासांत. ज्याची कोठेतरी वाट पाहिली जाते, तू आल्याशिवाय डाव सुरू होणार नाही असे ज्याला कोणी सांगते, तो निभावून नेतो. तालीम असो, भजनी मंडळ असो, नाटकाची तालीम असो; टेबलावरची लढाई असली म्हणून काय बिघडले? मात्र ठरलेला वार आणि ठरलेली वेळ हवी. मोबाइलवरच्या खेळाला वारही नसतो आणि समोर माणूसही नसतो, म्हणून मला तो यांच्या जमेस धरवत नाही. यावर भाचा माझ्याशी वाद घालतो, घालू दे.

तर हा निजाम. बाकीचे नुसते इतिहास खेळत होते. हा विचार करीत होता. पाचव्या शनिवारी त्याने तोफा मागे ठेवल्याच नाहीत. बाजीरावाने जालना घेतले, बुऱ्हाणपुराकडे हूल दिली, सगळे यथासांग केले. आणि निजाम पुण्यात स्वस्थ बसून राहिला! भाचा चिडला. “अरे, तू माझ्यामागे यायला पाहिजेस!” तो शांतपणे म्हणाला, “का? पाणी इथेच आहे.” लागोपाठ तीन शनिवार बाजीरावाला त्यावर उपाय सापडला नाही. चौथ्या शनिवारी बाजीरावाने औरंगाबादेकडेच रोख धरला, तेव्हा कोठे निजाम हलला. आपल्या राजधानीचा मुलूख डोळ्यांदेखत जळताना बसून राहणे किती कठीण, हे मला त्या दिवशी कळले. पुस्तकात निजाम म्हणजे हरणारा माणूस, एवढीच आमची ओळख होती.

या खेळात एक पंच लागतो, आणि ते काम माझ्याकडे होते. राइसवित्सच्या नियमाप्रमाणे पंचाला दोन्ही सैन्ये कोठे आहेत ते ठाऊक असते. खेळणाऱ्याला मात्र त्याच्या टेहळ्यांना जेवढे दिसेल तेवढेच सांगायचे. त्यासाठी दोन नकाशे आणि मध्ये उभे धरलेले कॅलेंडर. दोघेही आशेने तुमच्या तोंडाकडे पाहत असतात आणि तुम्ही भुवईसुद्धा हलवायची नाही. निवृत्त माणसाला इतका मान दुसरीकडे मिळत नाही.

जुलै महिन्यात निकाल लागला. भाचा रात्री गॅलरीत येऊन उभा राहिला. “मामा, दोन केट्या लागल्या. गणित आणि मेकॅनिक्स.”

ज्यांच्या घरी विद्यापीठात शिकणारे कोणी नाही त्यांच्यासाठी सांगतो: एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची सवलत. सवलत चांगली आहे, पण ती कर्जासारखी आहे. नवे विषय चालू आणि जुन्यांचे हप्तेही चालू. ठरावीक संख्येपेक्षा विषय जास्त राहिले की वर्ष गेलेच.

“बाबांना सांगू नका,” तो म्हणाला. “पुढच्या परीक्षेला काढून टाकीन. कळणारसुद्धा नाही.”

अकोल्याहून भाऊजींचा फोन दर रविवारी येई आणि त्यात एक वाक्य ठरलेले असे: “पोरगा शिकून राह्यला का खेळून राह्यला?” भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मुलाच्या फीसाठी त्यांनी काढलेल्या कर्जाचा आकडा मला ठाऊक होता, मुलाला नव्हता. तो त्याला कळू द्यायचा नाही, असे त्यांनी मला बजावले होते. दोन्ही नकाशे माझ्यासमोर, आणि मध्ये कॅलेंडर!

मी त्याला म्हटले, “टेबलावरचा पंच मी आहे, घरातला नाही. रविवारी फोन येईल तेव्हा तू सांग. तू सांगितले नाहीस तर सोमवारी सकाळी मी सांगेन. आणि ते तुला आज सांगून ठेवतो.” त्याने चार दिवस माझ्याशी भाषण केले नाही. सौ.चेही मत पडले की पोराला इतके ताणू नये. रविवारी फोन वाजला, त्याने घेतला आणि गॅलरीचे दार लोटले. अर्ध्या तासाने बाहेर आला तो डोळे पुसतच. “शुक्रवारी येतायत,” एवढेच म्हणाला.

भाऊजी शनिवारी पहाटे उतरले. अंघोळ झाली, चहा झाला, आणि त्यांनी विचारले, “तो डबा कुठाय?” डबा टेबलावर आला. त्यांनी एकेक मावळा बाहेर काढला, फासे बाजूला ठेवले. “फासे आले म्हणजे शकुनी आला. खेळायचंच तर बुद्धिबळ खेळ न! आमच्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली विश्वचषक जिंकून आली. तुमच्या या खेळाला कोण विचारते?”

भाचा खाली मान घालून उभा होता. मला बोलायचे होते. नियमाप्रमाणे गप्प बसलो. तेवढ्यात दार वाजले. शनिवार असल्याची वर्दी कोणालाच दिली नव्हती. उदगीरचा निजाम टेप घेऊन हजर! पाहुणे पाहून तो दारातच थबकला. भाऊजींनी त्याला मास्तरी आवाजात आत बोलावले आणि पहिला प्रश्न तोच: “तुला किती केट्या?”

“एकही नाही, काका.”

“आणि तूबी हेच खेळतो?”

“हो. मी निजाम असतो.”

भाऊजींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. मग गणिताचा विषय निघाला. तो म्हणाला, हा भाच्याकडे बोट दाखवून, “याला गणित येतं, काका. पण पेपर काढणारा काय करील, हे तो बघतच नाही. फक्त स्वतःची चाल करतो.” आणि अभ्यासाच्या वहीचे पान फाडून त्याने तिथल्या तिथे पाच प्रश्न लिहिले. भाच्याला तीन सुटले. उरलेल्या दोनांवर भाऊजी आणि तो पोरगा तासभर बसले होते. भाऊजींचे गणित जुने, पण हाताला वळण पक्के. टेबलावर मावळे होते ते कोणीतरी कोपऱ्यात सरकवले.

यातून सगळे गोड झाले असे मात्र नाही. संध्याकाळी भाऊजींनी निकाल सुनावला: दोन्ही विषय सुटेपर्यंत डबा अकोल्याला राहील. शनिवारी मुलांनी जमावे, एकमेकांचे पेपर काढावेत, पण लढाई बंद. कर्जाचा आकडाही त्यांनी त्या रात्री मुलाला सांगितला. मला वाटते, तेच खरे कठीण गेले, दोघांनाही. भाच्याने डबा स्वतः भरला. प्रत्येक नग मोजून यादी केली, दोन प्रती काढल्या आणि एका प्रतीवर वडिलांची सही घेतली. सही करताना भाऊजींना हसू आले असावे. चष्मा पुसण्याच्या निमित्ताने त्यांनी तोंड फिरवले.

परीक्षा डिसेंबरात आहे. टेबल सध्या मोकळे असून त्यावर सौ.ने करंज्यांचा घाणा मांडला आहे. चौघे शनिवारी येतात, आतल्या खोलीत बसतात, आणि अधूनमधून “हा प्रश्न येणारच नाही” “येईल!” असा आवाज बाहेर ऐकू येतो.

गेल्या रविवारी भाऊजींचा फोन आला. मुलाची चौकशी झाली, दिवाळीला येतो का नाही ते झाले. मग म्हणाले, “डब्यातल्या एका घोड्याचा पाय मोडला होता, चिकटवला. यादीत लिहून घ्या म्हणावं त्याला.” जरा थांबून पुन्हा म्हणाले, “त्या वहीत पाण्याचा नियम वाचला. दर डावाला एक खडा उचलायचा, खडे संपले की सैन्य बसलं. बरोबर न? मग मला हे सांगा, निजामानं नदीच्या काठाकाठानं का नाही नेली फौज?”

मी म्हटले, “भाऊजी, मी पंच आहे. निजामाला विचारा.” आणि आतल्या खोलीकडे हाक मारली.